मोटरवर २० टक्के आयात शुल्क लावलं तर उत्पादकाला २० टक्केच संरक्षण मिळतं का? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तराजू

स्वस्त आयातीवर कोणता उपाय योग्य, यावर टिपण करायचं आहे. उदाहरण म्हणून छोटी इलेक्ट्रिक मोटर घेतली आहे. बंदरात पोचलेली किंमत १०० धरा. देशी कारखाना तीच मोटर बनवतो, पण तांब्याची तार, इलेक्ट्रिकल स्टील, कास्टिंग, बेअरिंग असा ६० चा माल बाहेरून आणतो.

चर्चेत चार पर्याय आहेत: २० टक्के शुल्क, वर्षाला ठरावीक नगांचा कोटा, आयात परवाना, आणि सक्तीचं मानक (प्रमाणपत्र नसेल तर माल सुटणार नाही).

२० टक्के शुल्क म्हणजे २० टक्के संरक्षण, हे बरोबर आहे का? शुल्काने जेवढी आयात घटेल तेवढाच कोटा ठेवला तर परिणाम सारखाच होईल ना? आणि "शुल्क परदेशी विक्रेता भरतो" असं एक वाक्य मसुद्यात आलं आहे. ठेवू की काढू?

हिशेबनीस

ते वाक्य आधी काढा. कस्टम्समध्ये पैसे भरतो तो आयातदार. परदेशी विक्रेत्यावर भार पडायची वाट एकच: गिऱ्हाईक सुटू नये म्हणून त्याने शुल्काआधीची आपली किंमत उतरवली तर. खरेदीदार देश जगाच्या बाजारात मोठा असेल तर हे थोडंफार घडतं. लहान देशासाठी कोणी भाव पाडत नाही, कारण तोच माल दुसरीकडे १०० ला जातोच आहे. आणि मोठ्या देशालाही ते साधेलच असं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेने पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि बऱ्याच चिनी मालावर शुल्क चढवलं. नंतर अर्थतज्ज्ञांनी सीमेवरचे भाव तपासले, तर शुल्काआधीच्या किमती जवळजवळ हललेल्याच नव्हत्या. बहुतेक बोजा अमेरिकी खरेदीदारांवरच बसला. पोलादात पुढे परदेशी गिरण्यांनी काहीसा भाव सोडला, पण तो अपवाद.

आता २० टक्क्यांकडे. कारखान्याला मिळणारं संरक्षण त्याच्या मूल्यवर्धनावर मोजायचं असतं. तुमच्या आकड्यांत मोटर १००, कच्चा माल ६०, म्हणजे कारखान्याच्या हाती ४०. मजुरी, वीज, व्याज, नफा सगळं त्यातच.

मोटरवर २०, कच्च्या मालावर शून्य: मोटर १२० ला विकता येईल, माल ६० चाच, हाती ६०. चाळीसाचे साठ झाले, म्हणजे प्रभावी संरक्षण ५० टक्के.

दोन्हींवर २०: १२० वजा ७२, हाती ४८. आता २० टक्के.

मोटरवर २०, कच्च्या मालावर ४०: १२० वजा ८४, हाती ३६. उणे १० टक्के! शुल्क लावूनही कारखाना आधीपेक्षा वाईट स्थितीत.

सूत्र सरळ आहे: पक्क्या मालाच्या शुल्कातून (कच्च्या मालाचा वाटा गुणिले त्यावरचं शुल्क) वजा करा आणि उरलेल्याला मूल्यवर्धनाच्या वाट्याने भागा. तिसऱ्या प्रकाराला उलटी शुल्करचना म्हणतात, आणि ती वाटते त्यापेक्षा जास्त आढळते. तांबं, पोलाद, रसायनं बनवणारे थोडे आणि मोठे असतात, त्यांचं गाऱ्हाणं लवकर ऐकलं जातं. मोटर बनवणारे शेकड्यांनी आणि विखुरलेले.

निर्यातीचं गणित याहून कडक आहे. तोच कारखाना बाहेर मोटर १०० लाच विकणार, पण माल त्याला ८४ ला पडतो. हाती १६. चाळीसाचे सोळा. म्हणून कच्च्या मालावर शुल्क असेल तर निर्यातदाराला शुल्क परतावा किंवा निर्यातीच्या अटीवर शुल्कमुक्त आयात द्यावीच लागते. त्यासाठी एका मोटरला किती तांबं लागतं, त्यात वाया किती जातं, याचे निकष ठरवावे लागतात. निकष सैल ठेवले तर जास्तीचा परतावा निर्यात सबसिडी ठरतो आणि दुसरा देश त्यावर प्रतिशुल्क (सबसिडीचा फायदा पुसणारं जादा शुल्क) लावू शकतो. घट्ट ठेवले तर निर्यातदाराचं खेळतं भांडवल अडकून पडतं.

टिपणात आणखी एक खर्च धरा, तो बहुतेक जण विसरतात: देशी मालाचाही भाव वाढतो. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेने वॉशिंग मशीनवर सेफगार्ड शुल्क (आयात उसळली की देशी उद्योगाला सावरायला लावलेलं तात्पुरतं शुल्क) लावलं. वर्षातल्या पहिल्या १२ लाख मशीनवर २० टक्के, त्यापुढच्या मशीनवर ५० टक्के. मशीनचे भाव सुमारे १२ टक्क्यांनी वाढले, देशी कंपन्यांचेही. गंमत म्हणजे ड्रायरवर शुल्क नव्हतं, तरी तेही जवळपास तेवढेच महागले, कारण दोन्ही वस्तू जोडीने विकल्या जातात. सुमारे १,८०० नोकऱ्या वाढल्या असा अंदाज निघाला, आणि ग्राहकांनी मोजलेली किंमत एका नोकरीमागे ८ लाख डॉलरच्या वर गेली.

गलबत

कोटा आणि शुल्क सारखे असतात ते पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून वाटा वेगळ्या होतात.

मागणी वाढली असं धरा. शुल्क असेल तर देशातला भाव १२० च राहतो, जास्तीची गरज आयात भागवते. कोटा असेल तर नग ठरलेले, म्हणून भाव १३० होईल, १४० होईल. आता जागतिक भाव पडून ८० झाला असं धरा. शुल्कात देशातला भाव ९६ वर येतो. कोट्यात तो १२० च राहतो आणि मधले ४० कोटाधारकाच्या खिशात जातात.

देशात एकच मोठा मोटर उत्पादक असेल तर फरक आणखी वाढतो. शुल्क असताना त्याला १२० च्या वर भाव नेता येत नाही, नेला की आयात आत येते. कोटा भरला की मात्र त्याला अडवणारं कोणी नाही, उरलेल्या बाजाराचा तो मालक. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी हा मुद्दा १९६५ मध्ये मांडला आणि तो अजून टिकून आहे.

मग तो मधला फरक जातो कुठे? ५०,००० मोटरींचा कोटा असेल आणि नगामागे २० चा फरक असेल तर १० लाख होतात. शुल्कात हे तिजोरीत जमा होतात. कोट्यात ते वाटप कसं करता त्यावर अवलंबून:

– जो आधी येईल त्याला: कोटा उघडण्याच्या तारखेला बंदरात जहाजांची रांग, गोदामात आधीच आणून ठेवलेला माल, आणि कोटा काही दिवसांत संपतो. उरलेलं वर्ष टंचाई.
– गेल्या वर्षांच्या आयातीप्रमाणे: जुने आयातदार कायमचे बसतात, नवा माणूस आत येऊच शकत नाही.
– लिलाव: फरकाचा बराचसा पैसा सरकारकडे येतो. हिशेबाने हाच बरा, म्हणूनच बहुधा कोणी मागत नाही.
– निर्यातदार देशाकडे सोपवणं: फरक थेट परदेशी उत्पादकाला भेट.

शेवटच्या प्रकाराचा नमुना जपानी गाड्यांचा. १९८१ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपानने वर्षाला १६.८ लाख गाड्यांची "स्वेच्छा" मर्यादा मान्य केली. गाड्या मोजूनच पाठवायच्या तर महागड्या पाठवू, असं जपानी कंपन्यांनी ठरवलं. भाव वाढले, नफा वाढला, त्या वरच्या श्रेणीत शिरल्या आणि अमेरिकेतच कारखानेही काढू लागल्या. १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या सेफगार्ड करारात अशा "स्वेच्छा" मर्यादांना मनाई आहे.

शुल्क-कोटा हा मधला प्रकारही टिपणात घ्या. समजा १०,००० नगांपर्यंत ५ टक्के, पुढे ६० टक्के. यात घोटाळा होतो तो हा, की कमी शुल्काच्या हिश्श्याचे परवाने देशी उत्पादकांनाच मिळतात आणि ते वापरतच नाहीत. म्हणून "न वापरलेला हिस्सा सहा महिन्यांनी परत घेऊन फेरवाटप" ही अट मूळ आदेशातच हवी.

परवान्याबद्दल थोडक्यात. आपोआप मिळणारा परवाना नियमाने फार तर १० कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. तो निव्वळ मोजदादीसाठी. विवेकाधीन परवान्याला (द्यायचा की नाही हे अधिकारी ठरवतो), अर्ज आले तसे निकालात काढत असाल तर ३० दिवस, सगळे एकदम हाताळत असाल तर ६० दिवस. त्रास या दुसऱ्या प्रकारात. अर्थतज्ज्ञ अ‍ॅन क्रूगर यांनी १९७४ मध्ये अंदाज मांडला होता: परवान्यांसारख्या निर्बंधांतून तयार होणारी ऐती कमाई १९६४ च्या भारतात राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के, आणि १९६८ च्या तुर्कस्तानात एकट्या आयात परवान्यांची सुमारे १५ टक्के. कच्च्या मालाचे परवाने कारखान्याच्या क्षमतेच्या प्रमाणात मिळत, म्हणून जुनी यंत्रं पूर्ण चालत नसतानाही लोक नवी क्षमता उभारत. ती यंत्रं उभी केलेली असत परवान्यासाठी, उत्पादन हा दुय्यम भाग.

आणि कायद्याची बाजू: गॅट करारातलं (जागतिक व्यापार संघटनेचा मालाच्या व्यापाराचा मूळ करार) ११ वं कलम आयातीच्या नगांवर मर्यादा घालायला मुळात मनाईच करतं. अपवाद मोजके. परकीय चलनाच्या अडचणीचा अपवाद दाखवून भारताने २,७१४ शुल्कओळींवर (शुल्क-यादीतल्या एकेका वस्तूच्या नोंदींवर) मर्यादा ठेवल्या होत्या. १९९९ मध्ये तो दावा हरला आणि शेवटच्या ७१५ ओळी १ एप्रिल २००१ ला खुल्या झाल्या. मोटरींवर कोटा सुचवणार असाल तर कोणता अपवाद लागू होतो हे पहिल्या पानावर लिहा.

शिक्कामोर्तब

वरचं सगळं गणित माल "मोटर" म्हणूनच येईल असं धरून चाललं आहे. तसा तो येत नाही.

एचएस कोडमध्ये (मालाच्या वर्गीकरणाचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) मोटर ८५०१ मध्ये, तिचे भाग ८५०३ मध्ये. मोटरवर २० आणि भागांवर ५ ठेवलं की पुढच्या तिमाहीत स्टेटर (मोटरचा स्थिर भाग) आणि रोटर (फिरणारा भाग) वेगवेगळ्या खोक्यांत येऊ लागतात. वर्गीकरणाचा सामान्य नियम २(अ) सांगतो की सुटा किंवा अपुरा माल पूर्ण वस्तूचं मूळ स्वरूप धारण करत असेल तर तो पूर्ण वस्तूच समजायचा. पण भाग वेगळ्या जहाजांनी, वेगळ्या आयातदारांच्या नावावर आले तर हा नियम लावणं अवघड. दुसरी गळती याहून सोपी: मोटर पंपात बसवून आणा. पंप ८४१३, पंखे आणि कॉम्प्रेसर ८४१४. त्यांच्यावर शुल्क कमी असेल तर तुमची मोटर पंपाच्या पोटातून येते, आणि देशी पंपवालाही बुडतो, कारण त्याला देशातली मोटर १२० ला घ्यावी लागते. म्हणून शुल्क सुचवताना किमान चार शीर्षकं शेजारीशेजारी मांडा: भाग, मोटर, आणि मोटर आत असलेल्या दोन-तीन वस्तू.

शुल्काचा प्रकारही ठरवा. टक्केवारीचं शुल्क म्हटलं की बिलात किंमत कमी दाखवण्याचा मोह. अशा वेळी कस्टम्सला मनमानी करता येत नाही. आधी प्रत्यक्ष व्यवहाराची किंमत, ती संशयास्पद असेल आणि आयातदाराला खुलासा जमला नाही तर तंतोतंत तशाच मालाची, मग त्यासारख्या मालाची, मग देशातल्या विक्रीभावावरून मागे मोजत, मग उत्पादन खर्चावरून, आणि शेवटी वाजवी अंदाज, या क्रमानेच जावं लागतं. "किमान किंमत इतकी धरू" हे मूल्यांकन कराराला मान्य नाही. नगामागे ठरावीक शुल्क, उदाहरणार्थ प्रत्येक मोटरला २०, लावलं तर किंमत लपवून फायदा नाही. पण १०० च्या मोटरवर ते २० टक्के होतं आणि ४० च्या मोटरवर ५० टक्के. स्वस्त माल घेणाऱ्यावर जास्त भार. शिवाय जागतिक भाव पडले की टक्केवारीने ते आपोआप चढतं. १९३० च्या स्मूट-हॉले कायद्यानंतर अमेरिकेत नेमकं तेच झालं: मंदीत भाव कोसळले आणि नगावर किंवा वजनावर ठरलेल्या शुल्कांचा भार कायद्यात न लिहिता वाढत गेला.

उगमदेशाची (माल खरोखर कुठे बनला याची) फसवणूक ओळखायला एक साधी तपासणी आहे. शुल्क लागल्यावर ज्या देशातून मोटरींची आयात अचानक वाढली, त्या देशाची मोटरींची आणि भागांची आयातही बघा. तीही तितकीच वाढली असेल तर तिथे वाइंडिंग (मोटरमध्ये तार गुंडाळण्याचं काम) होत नाही, लेबल बदलतं. उगमाच्या नियमात "कोड बदलला पाहिजे" एवढीच अट असेल तर भागांपासून मोटर जोडली तरी ती पुरी होते (८५०३ चं ८५०१). "वाइंडिंग त्याच देशात" अशी प्रक्रियेची अट जास्त पकडीची.

माल शुल्काच्या आकाराप्रमाणे स्वतःला कापून घेतो. अमेरिकेत १९६४ पासून हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क आहे (युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर लावलेल्या शुल्काचा तो बदला होता), प्रवासी गाडीवर बरीच वर्षं २.५ टक्के. फोर्डने तुर्कस्तानातून ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागच्या सीटसह आणल्या, प्रवासी गाडी म्हणून सोडवल्या, आणि बंदराबाहेर सीट काढून मालवाहू केल्या. खटला वर्षानुवर्षं चालला आणि २०२४ मध्ये कंपनीने ३६.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

मानकाबद्दल: खरं मानक असेल तर ते देशी कारखान्यालाही त्याच दिवसापासून लागू हवं, आणि प्रसिद्धीपासून अंमलापर्यंत साधारण सहा महिने हवेत. आदेश काढण्याआधी प्रयोगशाळांची क्षमता मोजा. तीनच प्रयोगशाळा असतील, एका नमुन्याला तीन आठवडे लागत असतील आणि ४०० मॉडेल रांगेत असतील, तर तुम्ही मानकाच्या नावाखाली बंदीच घातली. जुन्या यंत्रांच्या बदली मोटरींना सूट लिहायला विसरू नका, नाहीतर एका मोटरपायी अख्खी यंत्रं बंद पडतात. फ्रान्सने १९८२ मध्ये मानकाची तसदीही घेतली नव्हती: सगळे आयात व्हिडिओ रेकॉर्डर समुद्रापासून दूर असलेल्या प्वातिए गावच्या छोट्या कस्टम्स कार्यालयातूनच सोडवायचे, असा आदेश. शुल्क नाही, कोटा नाही, फक्त टेबलावर माणसं कमी.

तराजू

उलटी शुल्करचना आमच्या मसुद्यात होतीच, आता दुरुस्त करतो. दोन गोष्टी राहिल्या. उत्पादक म्हणतात बाहेरचा माल खर्चाखाली विकला जातोय, तर अँटी-डम्पिंग केस (फार स्वस्तात ओतलेल्या आयातीवर जादा शुल्क मागणारी तक्रार) करावी का? आणि "शिकायला काही वर्षं द्या" या मागणीचं काय करायचं?

पंचनामा

"स्वस्त" म्हणजे डम्पिंग नव्हे. तुलना करायची ती निर्यातदाराच्या स्वतःच्या देशातल्या भावाशी, दोन्ही कारखान्याच्या दारातले भाव घेऊन. भाडं, विमा, कमिशन, पॅकिंग वजा करून. घरचा भाव १००, निर्यातीचा ८०, तर फरक २० आणि मार्जिन २० भागिले ८०, म्हणजे २५ टक्के. २ टक्क्यांखाली मार्जिन असेल तर केस बंद. त्या देशाचा आयातीतला वाटा ३ टक्क्यांखाली असेल तरी सहसा बंद, अशा छोट्या देशांचा मिळून वाटा ७ टक्क्यांच्या वर जात नसेल तर.

अर्जाला पाठिंबा देणारे उत्पादक विरोध करणाऱ्यांपेक्षा उत्पादनाने जास्त हवेत आणि एकूण देशी उत्पादनाच्या किमान २५ टक्के हवेत. जे स्वतः तीच मोटर आयात करतात त्यांना यातून वगळलं जाऊ शकतं, आणि बऱ्याच अर्जांची गाडी इथेच घसरते. हंगामी शुल्क चौकशी सुरू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत लावता येत नाही. चौकशी साधारण १२ महिने, जास्तीत जास्त १८. शुल्क ५ वर्षं, पुढे हवं तर फेरतपासणी.

केस हरायची मुख्य जागा म्हणजे कार्यकारण. विक्री पडली, पण त्याच वर्षी तांबं महागलं, किंवा मागणीच घटली, किंवा कारखान्यात दोन महिने संप होता, तर तो तोटा डम्पिंगच्या खात्यावर टाकता येत नाही. दुसरी जागा मॉडेलांची: अर्ध्या अश्वशक्तीची आणि पाच अश्वशक्तीची मोटर एकाच सरासरीत घातली की मार्जिन कोसळतं. मॉडेलगट आधीच पाडा. "नुकसान भरून निघेल तेवढंच शुल्क" हा नियम देश पाळत असेल तर मार्जिन २५ असूनही हाती १५ च पडू शकतात.

डम्पिंग सिद्ध होत नसेल पण आयात खरोखर उसळली असेल तर सेफगार्ड. ते सर्व देशांच्या मालावर लागतं, "गंभीर" नुकसान दाखवावं लागतं, एका वेळी ४ वर्षं, एकूण ८ (विकसनशील देशांना १०), आणि वर्षापेक्षा जास्त काळ असेल तर दर टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो. कारणं कच्ची असतील तर महागात पडतं. अमेरिकेने मार्च २००२ मध्ये पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत सेफगार्ड लावलं, व्यापार संघटनेत हरली, युरोपने बदल्याच्या शुल्काची यादी तयार ठेवली, आणि डिसेंबर २००३ मध्ये ते काढावं लागलं.

भट्टी

"शिकायला वेळ द्या" हे ढोंगच असतं असं इथे कोणी म्हणायच्या आत लिहितो. अमेरिकेचा अर्थमंत्री हॅमिल्टनने १७९१ मध्ये, जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक लिस्टने १८४१ मध्ये मांडलेला युक्तिवाद आहे तो, आणि अमेरिका, जर्मनी दोघेही शुल्काच्या भिंतीआड वाढले. प्रश्न अटींचा. दक्षिण कोरियाने १९६० आणि ७० च्या दशकांत देशी बाजार राखून दिला, पण स्वस्त कर्ज निर्यातीच्या आकड्यांशी बांधलं. ब्राझीलने १९८४ च्या कायद्याने छोट्या संगणकांचा बाजार देशी कंपन्यांना राखून दिला, निर्यातीची सक्ती नव्हती. महाग आणि मागासलेले संगणक सगळ्या उद्योगांच्या गळ्यात पडले, आणि राखीव बाजार १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गुंडाळला.

तुमच्या टिपणात दर वर्षागणिक लिहा: २०, १५, १०, ५, ०. आणि उत्पादकांकडून एकच आकडा मागा, जागतिक भावाच्या तुलनेत खर्च दर वर्षी किती उतरणार. तो द्यायला तयार नसतील तर त्यांना शिकायचं नाही.

हिशेबनीस

यात एक भर. शिकण्यासाठीच मदत द्यायची असेल तर थेट अनुदान जास्त स्वस्त. त्यात मोटर घेणाऱ्याचा भाव १०० च राहतो आणि खर्च अर्थसंकल्पात उघड दिसतो. उघड दिसतो म्हणूनच ते कोणाला नको असतं, हे मान्य.

शिक्कामोर्तब

उतरत्या दराचा आदेश काढाल तेव्हा तारखेची भाषा नीट ठेवा. दर कोणत्या दिवसाचा, बिल ऑफ एंट्री (आयातदाराने कस्टम्सला द्यायचं मालाचं घोषणापत्र) दाखल केल्याचा की जहाजात माल चढल्याचा, हे लिहिलेलं नसेल तर पहिलं वर्ष खटल्यांतच जातं. चढवताना बातमी आधी फुटली तर सहा महिन्यांचा साठा आधीच आत येतो आणि २० टक्क्यांचा परिणाम वर्षभर दिसतच नाही. उतरवताना उलट: डिसेंबरमध्ये कोणी माल सोडवत नाही, गोदामात बॉन्डखाली (शुल्क न भरता, हमीवर) ठेवतात आणि १ जानेवारीला सोडवतात. म्हणून पायऱ्या पाच-पाच टक्क्यांच्या ऐवजी तिमाहीला सव्वा-सव्वा टक्क्याच्या करा, थांबण्यात फायदा उरत नाही.